‘बाई, तिसरं लिंग असतं का?’ : जीवशास्त्राच्या तासाला नेमकं उत्तर कसं द्यावं

आनुवंशिकतेच्या धड्यात एक वाक्य हमखास असतं: एक्सएक्स म्हणजे मुलगी, एक्सवाय म्हणजे मुलगा. ते वाचून होतं न होतं तोच मागच्या बाकावरून हात वर येतो. ‘दोन्ही असलेला माणूस असतो का?’ ‘मासे लिंग बदलतात म्हणे, खरं का?’ ‘मुलगा होणार की मुलगी, हे आईवर असतं की बाबांवर?’ विचारणाऱ्याच्या मनात कधी निव्वळ कुतूहल असतं, कधी मोबाइलवर पाहिलेला वाद, कधी शेजारच्याला चिडवायचा बेत, तर कधी स्वतःच्या शरीराबद्दलची धास्ती. यातलं नेमकं कोणतं, हे शिक्षकाला चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून उत्तर असं हवं, की चौघांपैकी कोणीही विचारलं असलं तरी ते चालावं.

घोटाळा सहसा दोन प्रकारे होतो. ‘हे अभ्यासक्रमात नाही’ म्हणून विषय मिटवला, की मुलं उत्तर दुसरीकडे शोधतात आणि विज्ञानाच्या शिक्षकाकडे पुन्हा येत नाहीत. उलट, गांगरून एका दमात गुणसूत्रांपासून कायद्यापर्यंत सगळं बोलून टाकलं, की मुलांच्या हाती अर्धवट तुकडे लागतात. दोन्हींवर उपाय एकच: प्रश्न नेमका कशाबद्दल आहे ते आधी ठरवायचं, तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, आणि ते मात्र पूर्ण खरं द्यायचं.

आधी ‘लिंग’ या शब्दाची गाठ सोडवा

मराठीत या एका शब्दावर चार ओझी आहेत. व्याकरणातलं लिंग मुलांना चांगलं ठाऊक असतं: पाल ‘ती’, सरडा ‘तो’, झुरळ ‘ते’. भिंतीवरची पाल नर असली तरी आपण तिला ‘ती’च म्हणतो, आणि झुरळांत नर-मादी असूनही ती सगळी नपुंसकलिंगी ठरतात. व्याकरणाचा शरीराशी संबंध नाही, हे मुलांना इथेच पटतं. दुसरा अर्थ जीवशास्त्रातला, म्हणजे प्रजननातली नर-मादी ही विभागणी. तिसरा समाजातला: बाईने कसं वागावं, पुरुषाने काय घालावं, माणूस स्वतःला काय समजतो, यासाठी ‘लिंगभाव’ आणि ‘लिंगओळख’ हे शब्द आहेत. चौथा अर्थ पुरुषाच्या अवयवाचा, आणि वर्गात खसखस पिकते ती त्याच्यामुळे. अवयवाला ‘शिश्न’ म्हणायचं असं ठरवून टाकलं, की दोन-चार तासांत हसू ओसरतं.

हे चार अर्थ फळ्यावर लिहायला तीन मिनिटं लागतात. ती वाचवू नयेत. पुढचे निम्मे वाद या मिनिटांतच टळतात, कारण ‘लिंग दोनच असतात’ म्हणणारा एका अर्थाने बोलत असतो आणि ‘अनेक असतात’ म्हणणारा दुसऱ्या. आकर्षण कोणाबद्दल वाटतं, हा लैंगिक कलाचा प्रश्न तर पाचवाच. तोही या गाठोड्यात कोंबू नये.

मजले वेगळे ठेवा

जैविक लिंगातही पाच मजले आहेत: युग्मकं (प्रजननासाठी एकत्र येणाऱ्या पेशी), गुणसूत्रं, जननग्रंथी (वृषणं किंवा अंडाशयं), संप्रेरकं (हार्मोन) आणि शरीराची ठेवण. मूल विचारतं एका मजल्यावर, शिक्षक उत्तर देतात दुसऱ्यावरून. ‘दाढी असलेली बाई असते का?’ हा संप्रेरकांचा प्रश्न आहे. त्याला ‘बाईला दोन एक्स असतात’ हे उत्तर नाही.

सुरुवात युग्मकांपासून करावी, कारण व्याख्या तिथे आहे. लैंगिक प्रजनन करणाऱ्या बहुतेक प्राण्यांत आणि वनस्पतींत दोन आकारांची युग्मकं असतात. मोठं, अन्नसाठा असलेलं ते अंडपेशी; लहान, सहसा हालचाल करणारं ते शुक्रपेशी. माणसाची अंडपेशी साधारण ०.१ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे नजर तीक्ष्ण असेल तर नुसत्या डोळ्यांनाही बारीक ठिपक्यासारखी दिसू शकेल अशी. शुक्रपेशीचं डोकं सुमारे ५ मायक्रोमीटर लांबीचं, शेपटीसकट ५० ते ६०. मोठं युग्मक बनवणारी ती मादी, लहान बनवणारा तो नर. मधल्या आकाराचं तिसरं युग्मक माणसात नाही.

या व्याख्येची ताकद मुलांना प्राण्यांतून दाखवता येते. पक्ष्यांत गुणसूत्रांचा हिशेब उलटा: नराची जोडी सारखी, मादीची वेगळी. मधमाशीत फलन न झालेल्या अंड्यातून नर निपजतो. समुद्री कासवांत वाळूचं तापमान ठरवतं. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. प्लॅटिपसला तर लिंग गुणसूत्रंच दहा आहेत. पद्धती इतक्या निरनिराळ्या, तरी ‘ही मादी’ हे आपण सगळीकडे एकाच कसोटीने ओळखतो. काही बुरशींत परस्परांशी जुळणारे हजारो ‘प्रकार’ असतात, पण त्यांची युग्मकं लहान-मोठी नसतात. म्हणून त्यांना हजारो लिंगं म्हणणं चूक. हा मुद्दा इंटरनेटवर फार फिरतो, तेव्हा शिक्षकाला माहीत असलेला बरा.

इथे एक हुशार मूल अडवणारच: ‘लहान मुलगी अंडपेशी सोडत नाही, आजीही नाही. मग त्या मादी नाहीत?’ प्रश्न रास्त आहे. व्याख्या माणसाच्या आजच्या उत्पादनाची नाही, शरीराच्या घडणीची आहे. शरीर कोणत्या प्रकारच्या युग्मकाच्या दिशेने घडलं, ते पाहायचं. बहुतेकांत ही दिशा एकच आणि स्पष्ट असते. थोड्यांत घडण वेगळ्या वळणाने जाते. त्यांच्याकडे पुढे येऊ.

गुणसूत्र आणि कळ

नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ साली पिठातल्या किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. मादीच्या पेशींत २० मोठी गुणसूत्रं, नराच्या पेशींत १९ मोठी आणि एक लहान. ते लहान म्हणजे वाय. एडमंड विल्सन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे कीटकांत लिंग आणि गुणसूत्रांचा संबंध दाखवला. माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे पक्कं ठरायला मात्र १९५६ उजाडलं. तोवर पुस्तकांत ४८ छापत असत. पाठ्यपुस्तकही दुरुस्त होतं, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

वाय गुणसूत्रावरचं ‘एसआरवाय’ हे जनुक १९९० साली सापडलं. पुढच्या वर्षी ते एक्सएक्स असलेल्या उंदराच्या भ्रूणात घातलं, तेव्हा त्यात वृषणं तयार झाली. हा प्रयोग जरूर सांगावा, कारण सगळा वाय नव्हे, तर त्यावरची एक कळ दाबली जाण्याने पुढची साखळी सुरू होते, हे त्यातून कळतं. शुक्रपेशी तयार होताना एक्स आणि वायच्या टोकांची अदलाबदल होते. त्यात क्वचित एसआरवाय एक्सवर उडी मारतं, आणि एक्सएक्स असलेला मुलगा जन्मतो. उलट, वाय आहे पण त्यावरची कळ बिघडलेली, अशा भ्रूणात वृषणं घडत नाहीत. गर्भाशय असलेली मुलगी जन्मते, पण तिची अंडाशयं तयार झालेली नसतात. ‘वाय म्हणजे मुलगा’ हे वाक्य बहुतेक वेळा का खरं ठरतं आणि कधी का ठरत नाही, हे एकाच यंत्रणेने समजतं.

एक्सला ‘मुलींचं गुणसूत्र’ म्हणण्याची सवय सोडावी. एक्स सगळ्यांकडे असतं. रंग ओळखण्याची आणि रक्त गोठण्याची महत्त्वाची जनुकं त्यावर आहेत. एक्सशिवाय भ्रूण जगत नाही, वायशिवाय जगतो.

सहावा आठवडा: इथे थांबा, घाई नको

संपूर्ण विषयातला हा सर्वात रंजक भाग, आणि नेमका तोच वर्गात गाळला जातो. फलनानंतर सुमारे सहा आठवड्यांपर्यंत एक्सएक्स आणि एक्सवाय भ्रूण बाहेरून आणि आतून सारखेच दिसतात. (डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे त्यांचा आकडा दोनने जास्त येतो. मुलांनी दोन ठिकाणी दोन आकडे वाचलेले असतात. गोंधळ या मोजणीचा असतो.) प्रत्येक भ्रूणात जननग्रंथीची एक जोडी असते जी दोन्हीपैकी काहीही होऊ शकते, आणि नळ्यांच्या दोन जोड्या असतात.

सहाव्या-सातव्या आठवड्यात एसआरवाय काही दिवसांपुरतं चालू होतं आणि ग्रंथी वृषणाच्या वाटेला लागते. वृषणातल्या एका प्रकारच्या पेशी एक संप्रेरक सोडतात, त्याने नळ्यांची पहिली जोडी विरघळून जाते. तीच जोडी एरवी गर्भाशय आणि अंडनलिका झाली असती. दुसऱ्या प्रकारच्या पेशी आठव्या आठवड्याच्या आसपास टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बनवू लागतात. त्याने दुसरी जोडी टिकते आणि तिची शुक्रवाहिनी होते. टेस्टोस्टेरॉनचंच आणखी तीव्र रूप बाहेरच्या अवयवांना आकार देतं. एकाच उंचवट्यापासून कोणात शिश्नाचं टोक घडतं, कोणात शिश्निका. त्याच घड्यांपासून वृषणकोश किंवा योनीचे बाहेरचे ओठ. बाराव्या आठवड्यापर्यंत बाहेरचा फरक दिसू लागतो.

फळ्यावर हे काढताना मध्ये एक खोड आणि त्याला दोन फांद्या अशी आकृती काढावी. मुलगा आणि मुलगी यांच्या दोन स्वतंत्र आकृत्या शेजारी शेजारी काढल्या, की मुलांना त्या दोन वेगळ्या यंत्रांसारख्या वाटतात. एका मालमसाल्यातून दोन्ही घडले, हे निसटतं.

पुरुषांना स्तनाग्रं का असतात, हा प्रश्न याच वेळी सोडवून टाकावा. स्तनांचा पाया घालणाऱ्या त्वचेच्या जाड पट्ट्या भ्रूणात टेस्टोस्टेरॉन सुरू होण्याच्या आधीच उमटतात. मग स्तनाग्रं तशीच राहतात. काढून टाकण्याचं कारण उत्क्रांतीला पडलं नाही.

‘प्रत्येक गर्भ आधी मुलगीच असतो’ हे वाक्य मात्र वर्गात येऊ देऊ नये, कितीही आकर्षक वाटलं तरी. त्याचा उगम १९४० च्या दशकातल्या आल्फ्रेड जोस्त यांच्या सशांवरच्या प्रयोगांत आहे. गर्भातल्या सशाच्या जननग्रंथी काढून टाकल्या, तर त्याच्या नळ्या मादीच्या वाटेने जातात, असं त्यांना दिसलं. नळ्यांपुरतं ते खरं. पण अंडाशय आपोआप होत नाही. त्यासाठीही जनुकांना काम करावं लागतं. २००९ साली प्रौढ मादी उंदरांत त्यातलं एक जनुक बंद केल्यावर अंडाशयातल्या पेशी वृषणाच्या पेशींसारख्या होऊ लागल्या. म्हणजे दोन्ही वाटा कष्टाच्या आहेत. सुरुवातीचा भ्रूण मुलगीही नसतो, मुलगाही नसतो. दोन्ही होण्याची क्षमता असलेला असतो.

‘नर संप्रेरक’ आणि ‘मादी संप्रेरक’ या शब्दांबद्दलही तेच. टेस्टोस्टेरॉन अंडाशयातही बनतं आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतूनही येतं. इस्ट्रोजेन पुरुषांत टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होतं आणि त्यांच्या हाडांना ते लागतं. पाळी थांबलेल्या स्त्रीच्या रक्तातलं मुख्य इस्ट्रोजेन त्याच वयाच्या पुरुषापेक्षा सहसा कमी असतं! फरक प्रमाणाचा आहे, आणि वयात आल्यावर तो मोठा असतो: प्रौढ पुरुषात टेस्टोस्टेरॉन स्त्रीच्या साधारण दहा-पंधरा पट.

वेगळ्या वळणाने घडलेली शरीरं

आता तो प्रश्न: दोन्ही असलेला माणूस असतो का? पहिलं वाक्य असं द्यावं: ‘बहुतेक माणसांत पाचही मजले एकमेकांशी जुळतात, थोड्यांत एखादा मजला वेगळा असतो.’ मग एक उदाहरण, पण नीट उलगडून.

सर्वांत शिकवण्याजोगं उदाहरण अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं) असंवेदनशीलतेचं. गुणसूत्रं एक्सवाय. एसआरवाय ठीक, म्हणून पोटात वृषणं. त्यांनी पहिलं संप्रेरक सोडलं, म्हणून गर्भाशय नाही. टेस्टोस्टेरॉनही सोडलं, पण पेशींमधला त्याचा ग्राही काम करत नाही. निरोप पाठवला, घेणारा कोणी नाही. म्हणून बाहेरून शरीर मुलीचं. वयात येताना टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं आणि स्तन वाढतात. पाळी येत नाही, तेव्हाच बऱ्याचदा हे कळतं. ही मुलगी मुलगी म्हणून वाढलेली असते. वर्गाने हे उदाहरण मजल्या-मजल्याने सोडवलं, तर त्यांना भ्रूणविकासाची साखळी खरोखर कळली असं समजावं. परीक्षेत विचारायलाही याच्याइतका चांगला प्रश्न नाही.

बाकीची नावं भराभर घेतली तरी चालतात. क्लाइनफेल्टर, म्हणजे एक्सएक्सवाय: दर ५०० ते १,००० मुलग्यांत एक, आणि अनेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. टर्नर, म्हणजे एकच एक्स: साधारण २,००० ते २,५०० मुलींत एक. अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात अतिवाढीचा तीव्र प्रकार: सुमारे १५,००० जन्मांत एक, यात एक्सएक्स बाळाचे बाहेरचे अवयव मुलग्यासारखे दिसू शकतात, आणि अंगातलं मीठ कमी पडून बाळाच्या जिवालाही धोका होतो, म्हणून लवकर निदान महत्त्वाचं.

मुलं एकूण आकडा विचारतात, आणि इथे दोन आकडे भांडतात. एक म्हणतो १.७ टक्के, दुसरा म्हणतो ०.०१८ टक्के. म्हणजे साठात एक की साडेपाच हजारांत एक? दोन्ही आकडे खोटे नाहीत. मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. २००० सालच्या आढाव्याने नेहमीच्या साच्यात न बसणारं सगळं धरलं, त्या १.७ मधले १.५ टक्के हे अधिवृक्क ग्रंथीच्या उशिरा लक्षात येणाऱ्या सौम्य प्रकाराचे आहेत, ज्यात जन्मतः लिंगाबद्दल शंका नसते. २००२ साली त्यावर आलेल्या टीकेने फक्त तेवढेच धरले, ज्यांची गुणसूत्रं आणि शरीर जुळत नाहीत किंवा अवयवांवरून सांगता येत नाही. क्लाइनफेल्टर आणि टर्नर वगळले. कोणता आकडा सांगावा? दोन्ही, आणि सोबत ‘काय मोजलं’ ते. टक्केवारी ऐकली की आधी व्याख्या विचारायची, ही सवय लागली तर लिंगाचा तास सांख्यिकीलाही उपयोगी पडला.

भाषेबद्दल: ‘विकृती’, ‘बिघाड’, ‘अर्धवट’ हे शब्द टाळावेत. ‘उभयलिंगी’ हा शब्द गांडुळासाठी आणि गोगलगायीसाठी ठेवावा; तिथे एकाच शरीरात दोन्ही युग्मकं खरोखर काम करतात. माणसात ते तसं होत नाही. २००६ साली तज्ज्ञांच्या एका परिषदेने जुने अपमानकारक शब्द बाजूला ठेवून ‘लिंगविकासातील विकार’ या अर्थाची संज्ञा सुचवली, पण ती प्रत्येकाला आवडतेच असं नाही. काही जण स्वतःला ‘आंतरलिंगी’ म्हणवतात.

दोन ठोकळे की दोन डोंगर?

‘लिंग हे दोनच कप्पे आहेत की रंगपट्टा?’ मोठ्या इयत्तेत हा वाद होणारच. उत्तर मजल्यावर अवलंबून आहे, आणि आलेखाने ते दोन मिनिटांत दिसतं. युग्मकांच्या आकाराचा आलेख काढा: दोन वेगळे उभे खांब, मध्ये रिकामी जागा. उंचीचा काढा: दोन डोंगर, पायथ्याला एकमेकांवर चढलेले. पुरुषांची सरासरी जास्त, तरी कितीतरी स्त्रिया कितीतरी पुरुषांपेक्षा उंच. आवाज, केस, स्नायू यांचे डोंगर कुठे जास्त चढलेले, कुठे कमी. ‘सगळं दोनच कप्प्यांत’ म्हणणारा पहिला आलेख दुसऱ्याला लावतो. ‘सगळा रंगपट्टाच’ म्हणणारा दुसरा आलेख पहिल्याला.

उंचीसाठी वर्गातल्या मुलांची मापं घेऊ नयेत. आकडे छापील, निनावी वापरावेत. कोण बुटका, कोणाचा आवाज फुटला नाही, याची जाहीर मोजणी होता कामा नये.

मुलगा की मुलगी: नाण्याचा प्रयोग

शुक्रपेशीत एक्स किंवा वाय, अंडपेशीत नेहमी एक्स. म्हणून फरक शुक्रपेशीमुळे पडतो. मुलगी झाली म्हणून आईला बोल लावणं निराधार आहे. पण मग ‘बाबा जबाबदार’ असंही म्हणू नये. कोट्यवधींपैकी कोणती शुक्रपेशी पोचेल, यावर त्यांचाही ताबा नसतो.

आई-बाबांच्या गुणसूत्रांच्या जोड्या दाखवणारी चौकटीची आकृती काढल्यावर मुलं चार खाने म्हणजे चार मुलं समजतात आणि ‘दोन मुलगे, दोन मुली होणार’ असं लिहितात. ही चूक काढायला नाणं बरं. चाळीस जणांच्या वर्गात प्रत्येकाने एक नाणं चार वेळा उडवायचं. छापा मुलगी, काटा मुलगा. आधी अंदाज लिहून घ्यावा. बहुतेक जण ‘दोन-दोन सर्वांत जास्त’ म्हणतील. गणित वेगळं सांगतं: दोन-दोन सोळात सहा वेळा, म्हणजे चाळीसपैकी सुमारे १५, तीन-एक सोळात आठ वेळा, म्हणजे सुमारे २०, चारही सारखे सोळात दोन वेळा, म्हणजे सुमारे ५. वर्गाचे आकडे यापासून थोडे हलतील, आणि ते का हलले हाही धडाच आहे. तीन छाप्यांनंतर चौथा काटाच येणार, असं म्हणणाऱ्यांकडून फक्त ती चौथी फेक वेगळी मोजून घ्यावी. प्रत्यक्षात नाणं किंचित झुकलेलं आहे: जगात दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात.

मासा बदलतो, माणूस बदलतो का?

विदूषक मासे सगळे नर म्हणून वाढतात. गटातली मोठी मादी मेली की तिचा जोडीदार मादी होतो आणि अंडी घालू लागतो. त्याच्या ग्रंथीत दोन्ही प्रकारची ऊती आधीपासून असते. सस्तन प्राण्यांत असं होत नाही. शुक्रपेशी बनवणारं शरीर पुढे अंडपेशी बनवू लागलं, असं माणसात घडत नाही, उपचारांनीही नाही. त्याचबरोबर संप्रेरकं आणि शस्त्रक्रिया यांनी शरीराच्या ठेवणीत मोठे बदल होतात, हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं एका श्वासात सांगावीत. एकच सांगितलं, तर वर्गातला कोणता तरी एक गट शिक्षकाला आपल्या बाजूचा समजतो.

‘मग पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणूस बाई की पुरुष?’ इथे शिक्षकाने मजला बदलल्याचं उघड सांगावं: ‘हा प्रश्न लिंगओळखीचा आहे. माणूस स्वतःला कसं ओळखतो, हे गुणसूत्र पाहून सांगता येत नाही. समाजाने आणि कायद्याने कोणाला काय म्हणावं, हे ठरवताना विज्ञानाची माहिती लागते, पण ते ठरतं माणसांच्या विचाराने, सूक्ष्मदर्शकाने नाही.’ ही पळवाट नव्हे. विज्ञान कुठवर बोलू शकतं, ते शिकवणं विज्ञानाच्या तासाचंच काम. स्वतःचं राजकीय मत मात्र बाहेर ठेवावं, आणि वर्गात कोणा एका मुलाकडे बोट जाऊ देऊ नये.

खेळांत महिला गटात कोणी खेळावं, हा प्रश्न याचाच भाऊ. १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये महिला खेळाडूंच्या गालाच्या आतल्या पेशी तपासत; दुसऱ्या, बंद पडलेल्या एक्सचा ठिपका दिसला तर बाई. १९८५ साली स्पेनच्या अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो या चाचणीत नापास झाल्या. त्यांना अँड्रोजेन असंवेदनशीलता होती, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा फायदा त्यांच्या शरीराला मिळतच नव्हता. तीन वर्षांनी त्यांना परत घेतलं; ऑलिंपिकने सरसकट चाचणी १९९९ मध्ये थांबवली. २०२५ मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी पुन्हा जनुकीय चाचणी आणली, यावेळी एसआरवायची. मुलांना विचारावं: प्रत्येक चाचणी कोणता मजला पाहते, आणि स्पर्धेत फरक पाडणारा मजला कोणता? नियम योग्य की अयोग्य, हे त्यांना घरी जाऊन भांडू द्यावं.

याच कारणाने गालातल्या पेशी काढून ‘आपलं गुणसूत्र पाहू’ हा प्रयोग विद्यार्थ्यांवर कधीही करू नये. ठिपका चुकीचा दिसणं सोपं, आणि बरोबर दिसला तर एखाद्या मुलीला आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी तीस जणांसमोर मिळेल. तयार काचपट्ट्या किंवा छायाचित्रं वापरावीत. सर्वांत चांगली, तिरंगी मांजरीची: केशरी-काळे ठिपके हे दोन एक्सपैकी प्रत्येक पेशीत एक बंद पडल्याचं उघड्या डोळ्यांनी दिसणारं चिन्ह. तिरंगी बोका क्वचित सापडतो, आणि सापडला तर बहुधा एक्सएक्सवाय असतो.

चिठ्ठ्यांची पेटी

तोंडी प्रश्नांपेक्षा चिठ्ठ्या बऱ्या, पण पद्धत नीट हवी. सगळ्यांना एकाच मापाचे, एकाच रंगाचे कागद. प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर फळ्यावरचं एक वाक्य उतरवायचं, म्हणजे कोण लिहीत बसलं आहे ते दिसत नाही. पेटी वर्गात उघडू नये. आदल्या दिवशी वाचून कोणत्या मजल्याचा प्रश्न आहे ते लावून घ्यावं, अक्षर ओळखू येईल अशी चिठ्ठी तिथे वाचून न दाखवता आपल्या शब्दांत मांडावी. चेष्टेचा प्रश्नही सरळ चेहऱ्याने विज्ञानाच्या भाषेत मांडला, की त्यातली मजा निघून जाते आणि प्रश्न बहुतेकदा चांगला निघतो. तोंडी प्रश्न आला तर पाच सेकंद थांबून ‘तुला नेमकं काय जाणून घ्यायचंय?’ असं विचारावं. उत्तर आधी दोन वाक्यांत, मग कोणी आणखी विचारलं तर पुढे.

काही चिठ्ठ्यांवर स्वतःबद्दल लिहिलेलं असतं: ‘मला अजून पाळी आली नाही’, ‘माझी छाती मुलीसारखी वाढतेय, मी मुलगाच आहे ना?’ निनावी चिठ्ठीला एकट्याने उत्तर देता येत नाही, आणि लिहिणाऱ्याला शोधून काढायचं तर मुळीच नाही. म्हणून उत्तर सगळ्या वर्गाला द्यावं, धड्याचाच भाग असल्यासारखं. वयात येणं मुलींत ८ ते १३ आणि मुलग्यांत ९ ते १४ या वयांत सुरू होणं सर्वसाधारण. वयात येताना बऱ्याच मुलग्यांची छाती थोडी वाढते. संप्रेरकांचा तोल बदलत असतो, बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. मुलीत १३ पर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नाही, १५ पर्यंत पाळी आली नाही, किंवा मुलग्यात १४ पर्यंत वृषणं वाढू लागली नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावं; बऱ्याचदा कारण साधं उशिराचं असतं, आणि दुसरं काही असलं तर वेळेवर कळतं. हे आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून तास संपेपर्यंत तसेच ठेवावेत. सगळे उतरवून घेतात, त्यामुळे ते कोणाला हवे होते, हे कळत नाही.